हॅम्बुर्गच्या क्लाराबाई

पद्माक्कांच्या काळ्या यादीत एकदा गेलेलं नाव परत निघत नसे. यादी म्हणजे आमच्या मेल सर्व्हरवरची एक साधी फाईल. एका ओळीत एक पत्ता, आणि त्या पत्त्यावरून आलेलं पत्र सर्व्हरनं दारातच अडवायचं. अशा याद्या जगात सगळीकडे असतात आणि त्यांत नुसते पत्ते असतात. अक्कांच्या यादीत मात्र प्रत्येक पत्त्यापुढे कारण लिहिलेलं असायचं. फाईलला इंग्रजी अक्षरंच चालायची, म्हणून कारण मराठी आणि अक्षरं इंग्रजी. ‘तीनदा सांगितलं.’ ‘गोड बोलतो.’ ‘औषधं विकतो, कसली ते लिहिण्यासारखं नाही.’ ‘माफी मागितली, खोटी.’ एका पत्त्यापुढे ‘माणूस चांगला आहे, तरीपण’ एवढंच होतं. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, पुण्यातल्या एका कंपनीचा पत्ता होता. त्याच्यापुढे कारण नव्हतं, फक्त एक नाव होतं. दीपक.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घेते, आणि जुळेपर्यंत बोलणं पुढं निघून गेलेलं असतं. त्यामुळं माझं काम बहुतेक बघण्याचं. दीपक कोण, हे मी कुणाला विचारलं नाही.

आमची कंपनी सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल बनवते आणि परदेशात पाठवते. आपली पत्रं दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवायची, असं शेठचं म्हणणं, म्हणून मेल सर्व्हर आमचा स्वतःचा. तो सँपल रूमच्या मागच्या खोलीत असतो आणि सव्वीस वर्षं पद्माक्का त्याच्या शेजारी बसल्या. त्या आधी टेलेक्सवर होत्या. टेलेक्स गेला, पुण्याहून एक इंजिनीअर येऊन सर्व्हर बसवून गेला आणि जाताना एक वही देऊन गेला. अक्का ती वही शब्दकोश घेऊन वाचत बसल्या. वही संपली तेव्हा त्यांना त्या इंजिनीअरपेक्षा जास्त येत होतं, असं हत्तुरेकाका सांगतात. काका अकाउंट्समध्ये असतात आणि कमी बोलतात, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

टॉवेलच्या कारखान्यात हवेत सुताचे तंतू उडत असतात. ते सर्व्हरच्या पंख्यात जाऊन बसतात. दर शनिवारी अक्का त्याचं झाकण उघडायच्या आणि रंगाच्या एक इंची ब्रशनं तो साफ करायच्या, लहान मुलाचे कान साफ करावेत तसा, जीभ किंचित बाहेर काढून. ब्रश त्यांच्या पर्समध्ये असायचा, कंगव्याशेजारी.

मी मुलाखतीला गेले तेव्हा जिन्याच्या वरच्या टोकाला टेबल टाकून त्याच बसल्या होत्या. माझं पत्र बघून म्हणाल्या, “अर्ध्या तासानं या.”

मला वाटलं, हा नकारच आहे. तरी मी जिन्यात बसून राहिले, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते जुळलं नव्हतं. अर्ध्या तासानं परत वर गेले.

“आलीस? ये. पाणी घे.”

हे त्या सगळ्यांशीच करायच्या. रंगांचे एजंट, विम्याचे एजंट, मशीन दुरुस्तीवाले. “ज्याला खरं काम असतं तो परत येतो की,” म्हणायच्या. आमचा सर्व्हरही तेच करतो. अनोळखी पत्त्यावरून पहिल्यांदा पत्र आलं की तो घेतही नाही आणि नाकारतही नाही. ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या’ म्हणतो. खऱ्या कंपनीचा सर्व्हर थोड्या वेळानं निमूट परत येतो. लाखभर लोकांना एकदम जाहिराती फेकणाऱ्याला परत यायला सवड नसते. ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे, पण त्या फाईलचं नाव ‘आगु’ फक्त आमच्याकडे. अक्का शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातल्या, घरची भाषा तेलुगू. आगु म्हणजे थांब.

तिसरा एक प्रकार होता आणि तो अक्कांचा खास आवडीचा. काही लोकांना त्या नाही म्हणायच्या नाहीत आणि थोड्या वेळानं या असंही म्हणायच्या नाहीत. त्यांच्याशी सर्व्हर बोलणं सुरू करायचा आणि मग एकेक अक्षर इतकं सावकाश सोडायचा, की समोरचं यंत्र उत्तराची वाट बघत तासन्‌तास अडकून पडायचं.

“नाही म्हटलं की तो दुसऱ्या दारात जातो,” अक्का मला समजावत होत्या. “हो म्हटलं की आत येतो. बघते म्हटलं की उभा राहतो. उभा ठेवायचा.”

चहा आला की त्या कप घेऊन स्क्रीनसमोर बसायच्या. “अजून उभाय बघ,” म्हणायच्या आणि बिस्कीट बुडवायच्या. दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं त्यांचा चेहरा इतका शांत झालेला मी पाहिला नाही.

माझ्या पहिल्या वर्षी या उभ्या ठेवायच्या यादीत एक पत्ता माझाही गेला, म्हणजे मी सांगितलेला. कॉलेजातला एकजण रोज नव्या नावानं, पण एकाच सर्व्हरवरून मला ऑफिसच्या मेलवर लिहायचा. मी कुणाला बोलले नव्हते. एका दुपारी अक्कांनी ‘एम्मा’, म्हणजे तेलुगूत ‘काय गं’, अशी हाक मारली आणि म्हणाल्या, “मी पाकीट बघते, पत्र नाही. पण पाकिटावरून कळतं की. रोज बारा पाकिटं एकाच हातची. अडवू की उभा ठेवू?”

“उभा ठेवा.”

“कारण काय लिहू?”

“रिकामं ठेवा.”

त्यांनी रिकामं ठेवलं. पुढं कधी विचारलं नाही. तो माणूस सात महिने उभा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण रोज सकाळी आल्यावर मी आधी तेच बघायची.

दीपकची गोष्ट मला शेवटी हत्तुरेकाकांनी सांगितली, डबा खाताना. “तुमी नवीन हाय, म्हणून सांगतो. तितं विचारू नका.”

दीपक मार्केटिंगमध्ये होता. हुशार, बोलका, सगळ्यांना हवासा. अक्कांच्या डब्यात त्याची एक भाकरी जास्तीची असायची. सर्व्हरचं काम त्या त्याला हौसेनं शिकवायच्या. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा अक्का दोन दिवस रजा घ्यायच्या. वर्षातली तेवढीच रजा. त्या वर्षी जाताना त्यांनी काकांच्या देखत आपला पासवर्ड दीपकला दिला. मशीन बंद पडलं तर चालू कर म्हणून.

त्या दोन दिवसांत दीपकनं अक्कांच्या मशीनवरची बायरची यादी उचलली. टेलेक्सच्या काळापासून एकेक करून जमवलेले पत्ते. पुढं काढायच्या धंद्याची चाचणी म्हणून त्या सगळ्यांना त्यानं जाहिराती पाठवल्या, आणि पाठवल्या त्या आमच्याच सर्व्हरवरून. आधी बायरना, मग कुठून कुठून आणलेल्या हजारो पत्त्यांना. अक्का रथाहून परतल्या तेव्हा आमचाच सर्व्हर जगभरच्या काळ्या याद्यांत जाऊन बसला होता. आमचं एकही पत्र कुणी घेईना. कंटेनर बंदरावर आणि कागद इथं.

शेठनी सगळ्यांना खाली कटिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. मशीनवर लॉगिन अक्कांचं दिसत होतं. दीपक पुढं होऊन हळू आवाजात म्हणाला, “शेठ, रागावू नका. अक्कांचं वय झालंय आता. रजेवर जाताना चुकून दाबलं गेलं असेल काहीतरी.”

शेठ म्हणाले, “पद्मा, तुझं टेलेक्सच बरं होतं.”

कटिंगच्या बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या.

“आणि अक्का गप?” मी विचारलं.

“गप. शेठचा नियम हाय ना. किल्ली का पासवर्ड दुसऱ्याला दिला, की दुसऱ्या दिवशी यायचं न्हाय. गोदामाच्या माणसाला तसाच घालवला होता. हिचा नवरा पॉवरलूम बंद पडल्यापासून घरी, पोरगी शाळंत. काय बोलणार?”

मग तीन आठवडे अक्का एकेका काळ्या यादीच्या मालकाला पत्रं लिहीत होत्या. आमचा सर्व्हर आता स्वच्छ आहे, कृपया नाव काढा. काहींनी काढलं. काहींनी उत्तरच दिलं नाही, त्यांना परत लिहिलं. दीपक तोवर राजीनामा देऊन पुण्याला गेला आणि त्यानं मेलच्या जाहिरातींची कंपनी काढली. जाताना सगळ्यांना पेढे दिले. अक्कांनीही एक घेतला, असं काका म्हणाले. खाल्ला का, ते त्यांना माहीत नव्हतं.

काकांना माहीत नसलेली एक गोष्ट मला अक्कांकडून कळली, पण वर्षभरानं.

अक्कांचे वडील मागावर चादरी विणायचे. प्रत्येक चादरीच्या काठात ते एक धागा वेगळ्या रंगाचा घालायचे. लाल काठात एकच तांबूस, इतका जवळचा रंग की गिऱ्हाइकाला दिसू नये. चादर कुणी पळवून दुसऱ्याच्या नावानं विकली, तरी बाजारात बोट ठेवून सांगता यावं, ही माझी. अक्कांनी पत्त्यांच्या यादीत तेच केलं होतं. यादीच्या प्रत्येक प्रतीत एक माणूस खोटा. अकाउंट्सला दिलेल्या प्रतीत लंडनचे एक ऑस्करसाहेब. मार्केटिंगच्या प्रतीत मिलानच्या एक बाई. आणि अक्कांच्या स्वतःच्या मशीनवरच्या प्रतीत मिसेस क्लारा, हॅम्बुर्ग. त्या प्रत्येकाच्या नावानं फुकटच्या मेलसेवेवर खातं उघडलेलं, आणि किल्ली अक्कांकडे.

“क्लाराबाईंना पत्र आलं तर ते माझ्या मशीनवरूनच उचललेलं. दुसरीकडं ती बाई नाहीच की.”

“आणि आलं?”

त्यांनी पेटी उघडून दाखवली. रथाच्या दुसऱ्या दिवसापासूनची पत्रं, ओळीनं. पहिली काही आमच्या सर्व्हरवरून आलेली. पुढची सगळी दीपकच्या कंपनीकडून, सहा वर्षांची.

“मग शेठना का नाही दाखवलंत?”

“पासवर्ड मी दिला होता ना. ते सांगावं लागेल.” त्यांनी चष्मा पुसला. “मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आगु.”

एवढंच. सहा वर्षं एका माणसाला त्यांनी उभं ठेवलं होतं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात शेठना कुठल्याशा लग्नात दीपक भेटला. आता त्याची कंपनी मोठी झाली होती, जाहिरातींबरोबर लोकांचे मेलही ती सांभाळायची. तुमचा जुना डबा बंद करा, सगळं आमच्याकडे द्या, असं त्यानं शेठना सांगितलं. दोन महिने पत्रं पाठवतोय, तुम्ही उत्तर देत नाही, असंही म्हणाला. शेठनी येऊन विचारलं, “पद्मा, दीपकची पत्रं कुठायत?”

“बघते,” अक्का म्हणाल्या.

शेठनी त्याला समक्षच बोलावलं. अक्कांची मुलगी त्याच महिन्यात हैदराबादला नोकरीला लागली होती. बैठकीच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला प्रोजेक्टरची वायर तपासायला सांगितली आणि एक कागद स्वच्छ अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवला, ब्रशशेजारी.

दीपक सकाळी अकराला आला. खाली वाकून अक्कांच्या पायाला हात लावला. “अक्का, काही बदलला नाहीत तुम्ही.”

“बसा दीपकसर,” अक्का म्हणाल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्याला जास्तीची भाकरी देणाऱ्या अक्का त्याला कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या.

त्यानं पडद्यावर बरंच काही दाखवलं. चांगलं दाखवलं, खोटं का सांगू. शेवटी म्हणाला, “आणि शेठ, नुसता मेल नाही. जगातले टॉवेलचे बायर आमच्याकडे आहेत. नुसते पत्ते नाहीत, ओळखी आहेत.”

“हॅम्बुर्गचे कोण कोण आहेत, दाखवा की,” अक्का म्हणाल्या.

त्यानं दाखवले. नऊ नावं आली. पाचवं नाव मिसेस क्लारा.

“या क्लाराबाई जुन्या आपल्या. ओळख आहे तुमची?”

“क्लारा मॅडम? चांगली ओळख. मागच्या वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात भेटलो की.”

“कशा आहेत?”

“एकदम मस्त.”

“गुडघे दुखायचे त्यांचे.”

“ते आहेच थोडं. हळू चालत होत्या. पण स्टॉलवर आल्या, अर्धा तास बसल्या.”

“मिस्टर होते बरोबर?”

“नाही, एकट्याच होत्या. मिस्टरांचं काहीतरी... मी फार विचारलं नाही. बरं दिसत नाही.”

“बरोबर,” अक्का म्हणाल्या. “कोणता माल बघितला?”

“पांढरे बाथ टॉवेल. जाड. आणि अक्का, तुमची आठवण काढली हो त्यांनी. म्हणाल्या, सोलापूरच्या पद्मा कशा आहेत.”

“असं म्हणाल्या?”

“आईशप्पथ.”

इथं त्या थांबू शकल्या असत्या. थांबल्या नाहीत. चहा येईपर्यंत क्लाराबाईंचं वय, केसांचा रंग, त्यांना मराठीतले कोणते दोन शब्द येतात, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. दीपकनं सगळं सांगितलं. शेठही कौतुकानं ऐकत होते. मग अक्का उठल्या, त्याची वायर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली, आणि पडद्यावर क्लाराबाईंची पेटी उघडली.

“ही त्यांची पेटी. किल्ली माझ्याकडे असते, कारण ही बाई मीच केली. हॅम्बुर्गला कुणी नाही. माझ्या मशीनवरच्या यादीतच फक्त होती. हे पहिलं पत्र बघा शेठ, तारीख रथाच्या दुसऱ्या दिवसाची. आणि ही पुढची सगळी दीपकसरांची.”

दीपक म्हणाला, “अक्का, एवढ्या जुन्या गोष्टी...” आणि उठायला लागला.

“बसा की. चहा गार होतो.”

तो बसला. सुटका नव्हती, त्याचा लॅपटॉप टेबलाच्या पलीकडे अक्कांच्या हाताखाली होता. त्यानं कप उचलला आणि आम्ही पाच मिनिटं त्याला चहा पिताना बघत होतो. मी मुद्दाम बघत होते. मला त्यात लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

तो गेल्यावर अक्कांनी पर्समधला कागद शेठपुढे ठेवला. “त्या दिवशी पासवर्ड मी दिला होता. नियम तुमचाच आहे.”

शेठनी वाचून कागद परत सरकवला. “पद्मा, आता राहू दे हे.”

“गोदामाच्या माणसाचं राहू दिलं नव्हतं. माझंही नको. पण एक काम आहे. तुम्ही जे बोलला होता ते खाली हॉलमध्ये बोलला होता.”

शेठ खाली आले. कटिंगच्या बायकांनी कात्र्या थांबवल्या. काही नव्या होत्या, त्यांना कशाचं काय कळलं नाही. शेठ म्हणाले, “सहा वर्षांमागं सर्व्हरचा घोटाळा झाला, ती चूक पद्माची नव्हती.”

“अर्धी होती,” अक्का म्हणाल्या. “उरलेली अर्धी तेवढी सांगा.”

शेठनी दीपकचं नाव घेतलं, मोठ्यानं. काकांनी मला खुणेनं दाखवलं, तेव्हा हसलेल्यांपैकी एक बाई खाली मान घालून टॉवेलची घडी घालत होती. अक्का तिच्यासमोरून सावकाश गेल्या, ती वर बघेपर्यंत थांबल्या, आणि मग जिना चढल्या. महिनाअखेरीला त्यांनी नोकरी सोडली. सर्व्हर माझ्याकडे आला, ब्रशसकट. मला तो ब्रश भयंकर आवडला आणि मी तोंडानं फक्त ‘थँक्यू’ म्हटलं.

त्यानंतर त्या एकदाच आल्या, गेल्या दिवाळीनंतर. फाटकावरचा वॉचमन नवीन होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं, अनोळखी कुणी आलं की अर्ध्या तासानं या म्हणायचं. मी खिडकीतून बघितलं तर तो अक्कांना तेच सांगत होता. मी खाली धावणार, एवढ्यात त्यांनी वर बघितलं आणि हाताच्या पंज्यानं मला थोपवलं. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर पदर सावरून बसल्या. पर्समधून शेंगा काढून खाल्ल्या. बरोबर अर्ध्या तासानं उठल्या.

वर आल्या, पाणी प्यायल्या, सर्व्हरच्या पंख्यावरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे पास झाले.

“दीपक आहे की पहिल्या ओळीत?”

“आहे.”

“तुझा तो रिकामा?”

“तोही आहे.”

“क्लाराबाईंना काही?”

मी पेटी उघडून दाखवली. आदल्याच दिवशी दीपकच्या कंपनीचं पत्र आलं होतं. ‘प्रिय क्लारा, बऱ्याच दिवसांत भेट नाही.’

अक्का हसल्या नाहीत. “नाव काढलं असेल त्यानं एका फायलीतून. फायली किती केल्या, त्याला तरी कुठं आठवतंय.” मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. “उत्तर लिही. कंपनीला नको, त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर.”

“काय लिहू?”

“लिही, मिस्टर गेले. गुडघे तसेच आहेत. ह्या वर्षी प्रदर्शनाला नक्की येते, स्टॉलवर खुर्ची ठेवा.”

मी लिहिलं. इंग्रजीत मला वाक्यं जुळवावी लागत नाहीत. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मान हलवली.

“पाठव. दर वर्षी पाठवत जा.”

त्या जिना उतरून गेल्या. फाटकाशी थांबून त्यांनी वॉचमनला काहीतरी सांगितलं, आणि तो उठून सरळ उभा राहिला. मग शेअर रिक्षा आली आणि त्या आत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.